एका माणसाचं वाहन : बबल कार, तीनचाकी आणि उडती यंत्रं

चाकपंख (बेळगाव)

नमस्कार मंडळी,

विचित्र दिसणाऱ्या गाड्या आणि एकट्या माणसाला उचलून नेणारी यंत्रं, या दोन्हींचं मला शाळेपासून वेड आहे. नुसते फोटो चिकटवून पुढं जाणारा धागा करायचा नाही. ही यंत्रं अशी का झाली, आत काय होतं आणि त्यातली कुठली खरंच चालली, यावर बोलू. माझं एक मत आधीच मांडून ठेवतो, पटलं नाही तर खोडून काढा: आगळ्या यंत्राचा निकाल वजन लावतं. दिसणं, वेग, कल्पना हे सगळं त्यानंतर.

सुरुवात जर्मनीपासून. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन कारखान्यांना विमानं बनवायला मनाई होती. मेसरश्मिट या विमान बनवणाऱ्या कंपनीकडं पत्राकाम जाणणारी माणसं होती, यंत्रं होती, काम नव्हतं. त्याच सुमारास फ्रिट्झ फेंड हा इंजिनिअर युद्धात अपंग झालेल्यांसाठी हलकी तीनचाकी बनवत होता. दोघांचं जमलं. १९५३ मध्ये केआर १७५ आणि १९५५ मध्ये केआर २०० रस्त्यावर आली. चालवणारा पुढं, दुसरा त्याच्या पाठीमागं, वर विमानाच्या कॉकपिटचं असतं तसं पारदर्शक झाकण, एका बाजूला कलंडून उघडणारं. पुढं दोन चाकं, मागं एक. इंजिन अवघं १९१ सीसीचं टू-स्ट्रोक, आणि तेवढ्यावर गाडी ताशी ९० किलोमीटरला जायची. माणसं एकामागं एक बसवल्यामुळं गाडी अरुंद झाली. अरुंद झाल्यामुळं वारा कमी अडला, पत्रा कमी लागला, म्हणून इंजिनही लहान चाललं. एकाच निर्णयातून इतकं साधणं याला मी खरी रचना म्हणतो.

इसेटा मूळची इटलीतल्या इसो कंपनीची. बीएमडब्ल्यूनं १९५५ पासून आपलं मोटरसायकलचं एका सिलिंडरचं इंजिन घालून ती बनवली. दार एकच, तेही समोर. अख्खं नाक उघडतं आणि त्याच्याबरोबर स्टिअरिंगही बाहेर झुकतं, म्हणजे आत शिरायची वाट मोकळी. १९५६ च्या सुएझ संकटात युरोपात पेट्रोलची टंचाई झाली आणि असल्या फुग्यासारख्या गोलमटोल 'बबल कार'चा खप वाढला. १९६२ पर्यंत बीएमडब्ल्यूनं १ लाख ६१ हजारांवर इसेटा बनवल्या. कंपनीची आर्थिक स्थिती तेव्हा नाजूक होती, आणि या छोट्या गाडीनं तिला तगवलं.

सगळ्यांत टोकाची म्हणजे आइल ऑफ मॅन बेटावरची पील पी-५०, १९६२ ते १९६५. लांबी १३७ सेंटिमीटर, रुंदी ९९, वजन ५९ किलो, इंजिन ४९ सीसी. माणूस एक आणि पिशवी एक. रिव्हर्स गिअर नाही. उतरायचं, मागच्या कडीला धरून गाडी उचलायची आणि वळवायची. माणसाला उचलता येईल इतकी हलकी म्हणूनच रिव्हर्सशिवाय भागलं.

आपल्या राज्यातही हे घडलंय. बंगळूरच्या सनराइज कंपनीनं १९७० च्या दशकात 'बादल' काढली: तीन चाकं, फायबरची बॉडी, मागं दोनशे सीसीच्या आतलं टू-स्ट्रोक इंजिन. पुढं तीच मंडळी सिपानी नावानं डॉल्फिन घेऊन आली, ती ब्रिटनच्या रिलायंट किटनवर बेतलेली. मग २००१ मध्ये बंगळूरचीच रेवा, शिसे-आम्लाच्या बॅटरीवर चालणारी.

उडत्या यंत्रांवर नंतर लिहितो. आधी चाकांवर तुमचं येऊ द्या.

लेथमास्तर (मच्छे)

धागा झकास काढलाय बघा दादा. केआर २०० ची मुख्य गंमत राहिली, ती मी सांगतो.

त्या गाडीला रिव्हर्स गिअर न्हवताच. मागं जायचं असलं की इंजिन बंद करायचं, चावी आणखी आत दाबायची आणि परत स्टार्ट मारायचा. इंजिन उलटं फिरायला लागायचं! गिअर तेच चार, खरं चारही मागं जाणारे. टू-स्ट्रोकला हे जमतं, कारण त्याला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह आणि कॅम नसतात. पिस्टन वरखाली होतानाच पोर्ट उघडतोय आणि झाकतोय. उलटं फिरवलं तरी उघडझाक तीच. फरक पडतो तो ठिणगीच्या वेळेचा, म्हणून पॉइंटचा दुसरा सेट उलट्या दिशेसाठी बसवलेला.

म्हणजे गिअरबॉक्समधलं एक चक्र, एक शाफ्ट, त्याची बेअरिंगं, सगळं वाचलं. दादांचं वजनाचं म्हणणं मला पटतंय ते ह्यामुळं.

जावा-येझदीवाल्यांसाठी आणखी एक. चेकोस्लोव्हाकियात वेलोरेक्स म्हणून तीनचाकी होती. नळ्यांचा सांगाडा, आणि त्यावर पत्र्याऐवजी रेक्झिनसारखं कापड बटणांनी ताणून बसवलेलं. मोठ्या मॉडेलला इंजिन जावा ३५० चं. म्हैसूरला आयडियल जावानं १९६१ पासून ज्या घराण्याच्या गाड्या बनवल्या, त्याच घराण्यातलं. उद्यमबागेतला कुठलाही चांगला वेल्डर तो सांगाडा उभा करील. डेंटिंगचा प्रश्नच न्हाई, फाटलं की शिवायचं.

निपाणीकर

सगळं खरं, पण इचलकरंजी राहिली की हो! आमच्यापासून हाकेच्या अंतरावर.

शंकरराव कुलकर्णी, शिक्षण सातवीपर्यंत. त्यांनी १९४९ च्या सुमारास स्वतःच्या डोक्यानं छोट्या मोटारीचा पहिला नमुना बनवला. पुढं पंचवीसेक वर्षं ते तीच गाडी सुधारत राहिले. नाव 'मीरा'. शेवटच्या रूपात इंजिन मागच्या बाजूला, दोन सिलिंडरचं व्ही-ट्विन, आणि किंमत बारा हजारांच्या आसपास ठेवायचा त्यांचा बेत होता. मारुती ८०० आली १९८३ ला. हा माणूस त्याच्या कितीतरी आधी 'सामान्य कुटुंबाला परवडेल अशी छोटी मोटार' ही गोष्ट इचलकरंजीत बसून करत होता.

म्हणूनच चाकपंख, तुमचं वजनाचं मत मला अर्धंच मान्य आहे. मीरा हलकी होती, चालत होती. तरी ती कारखान्यातून बाहेर पडली नाही. त्या काळात मोटार बनवायची तर सरकारी परवाना, वर करांचा बोजा, भांडवल कुणी देत नाही. निकाल लावला तो कागदांनी.

चाकपंख (बेळगाव)

निपाणीकर, मीरा तुम्ही आणलीत हे फार बरं झालं. तुमचा मुद्दा घेतो आणि माझं म्हणणं नीट मांडतो. यंत्र चालेल का हे वजन ठरवतं. ते विकलं जाईल का हे परवाना, पैसा आणि वेळ ठरवतात. मीरा पहिली परीक्षा पास झालेली गाडी आहे, आणि म्हणूनच तिचं अडकणं जास्त लागतं. बहुतेक आगळी यंत्रं पहिल्या परीक्षेतच पडतात.

त्यातली एक सुंदर पडलेली गाडी म्हणजे फ्रान्सच्या मार्सेल लेयाची 'एलिका'. पहिल्या महायुद्धानंतर त्यानं विमानाचा पंखा मोटारीच्या नाकावर लावला. क्लच नाही, गिअरबॉक्स नाही, चाकांना इंजिन जोडलेलंच नाही. पंखा हवा मागं ढकलतो आणि गाडी पुढं जाते. १९२७ मध्ये अशा एका गाडीनं ताशी १७१ किलोमीटरचा वेग गाठला. अशा गाड्या बनल्या तीसेकच. आपल्या खडे बाजारात नाकावर फिरता पंखा घेऊन शिरायची कल्पना करा, म्हणजे ती का थांबली हे कळेल. शिवाय तिची मागची चाकं वळायची. मागून वळणारी गाडी वेगात फार अस्थिर होते. वळायला सुरुवात केली की मागचा भाग उलट्या बाजूला सरकतो आणि गाडी आपणहून आणखी वळायला बघते. १९३३ ची बकमिन्स्टर फुलर यांची तीनचाकी डायमॅक्सिअनही याच कारणानं वाऱ्यात सांभाळायला अवघड होती. फोर्कलिफ्टला मागचं स्टिअरिंग शोभतं, कारण ती धावत नाही.

कृष्णाकाठ (चिकोडी तालुका)

वाचतोय. एक प्रश्न, आणि तो हौसेपोटी नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडं कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा एकदमच फुगल्या. गावंच्या गावं पाण्यात होती. तेव्हापासून डोक्यात आहे: जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडं चालणारी मोटार असते म्हणतात. पुरात तिचा उपयोग होईल का?

चाकपंख (बेळगाव)

दादा, सरळ उत्तर: नाही होणार. कारण सांगतो.

तुम्ही म्हणता ती सर्वांत प्रसिद्ध गाडी म्हणजे जर्मनीची अँफिकार, हान्स ट्रिपेल यांची रचना, १९६१ ते १९६५. सुमारे ३,९०० बनल्या. इंजिन ट्रायम्फ हेराल्डचं, ११४७ सीसी. मागं दोन पंखे, आणि पाण्यात पुढची चाकंच सुकाणूचं काम करतात. दारं रबराच्या पट्टीवर घट्ट दाबून बसावीत म्हणून वेगळी दुसरी कडी. पाणी आत आलंच तर उपसायला पंप. मेहनत भरपूर घेतली होती.

पण पाण्यातला वेग ताशी ११-१२ किलोमीटर. पुराचा प्रवाहच त्याहून जोरात असू शकतो, म्हणजे उलट्या दिशेला गाडी जागची हलणार नाही. पुराच्या पाण्याखाली कुंपणाच्या तारा, विजेचे खांब, उसाची मुळं. चाकं खाली लोंबकळत असतात, ती अडकली की संपलं. पाण्यातून बाहेर आल्यावर ग्रीस भरायचं काम वेगळं. ते टाळलं की बेअरिंग गंजतात. गाडी म्हणून ती होडीचं वजन वाहते आणि होडी म्हणून गाडीचं. पुरात सपाट बुडाची रबरी बोट आणि मागं लावायचं छोटं इंजिन हेच खरं साधन. ते दोन माणसं खांद्यावर घेऊन जाऊ शकतात.

कृष्णाकाठ (चिकोडी तालुका)

पटलं. चाकं खाली लोंबकळतात हे डोक्यात आलं नव्हतं. धन्यवाद.

सांबरा_निवृत्त

मी हवाई दलातून निवृत्त झालो, आणि सांबऱ्याच्या प्रशिक्षण केंद्रात माझ्या नोकरीची चांगली वर्षं गेली. उडत्या गाड्यांचा विषय मी घेतो.

उडती मोटार ही नवी कल्पना नाही. ग्लेन कर्टिस यांनी १९१७ मध्येच 'ऑटोप्लेन' प्रदर्शनात मांडलं होतं. पण खरोखर प्रमाणपत्र मिळवणारं पहिलं यंत्र म्हणजे रॉबर्ट फुल्टन यांचं एअरफिबियन, १९५०. त्याचे पंख आणि शेपूट विमानतळावर सोडून द्यायची आणि पुढचा भाग घेऊन शहरात जायचं. मोल्ट टेलर यांनी ते पाहिलं आणि त्यांना त्यातली उणीव दिसली: पंख मागं राहिले तर दुसऱ्या गावाहून उडणार कसे? त्यांची एअरोकार पंख मिटून स्वतःच्याच मागं ट्रेलर करून ओढत न्यायची. १९४९ ला पहिली तयार झाली, १९५६ ला प्रमाणपत्र मिळालं. मोठ्या कंपनीशी बोलणी झाली, अट होती ५०० मागण्यांची. निम्म्याच्या आसपास आल्या. एकूण सहा बनल्या.

यात मूळ अडचण कुठं आहे ते सांगतो. विमानाची मागची चाकं गुरुत्वमध्याच्या अगदी जवळ ठेवावी लागतात, म्हणजे उड्डाणाच्या वेळी नाक उचलता येतं. मोटारीची चाकं चार कोपऱ्यांवर हवीत, म्हणजे ती वळणावर स्थिर राहते. मोटारीला बंपर, जाड टायर, शॉक ॲब्सॉर्बर, चाकांपर्यंत ताकद नेणारे शाफ्ट लागतात. हवेत त्यातल्या एकाचाही उपयोग नाही, पण वाहून न्यावं लागतं. आणि रस्त्यावर मिटलेले पंख बाजूच्या वाऱ्याला शीड होऊन बसतात.

घाईचं काय होतं तेही पाहिलं पाहिजे. १९७३ मध्ये अमेरिकेत सेस्ना स्कायमास्टरचे पंख आणि शेपूट फोर्ड पिंटो मोटारीला जोडून 'मायझर' नावाचं यंत्र केलं होतं. ११ सप्टेंबर १९७३ ला चाचणीत पंखाचा आधार सुटला आणि ते बनवणारे हेन्री स्मोलिन्स्की व त्यांचे सहकारी, दोघेही गेले. तयार मोटार आणि तयार विमान जोडलं की वजन दोघांचं येतं आणि जोड मात्र नवा, न तपासलेला असतो.

अलीकडचं चांगलं उदाहरण स्लोव्हाकियाच्या श्टेफान क्लाइन यांची एअरकार. २८ जून २०२१ ला नित्राहून ब्रातिस्लाव्हाला ३५ मिनिटांत उडून गेली, उतरल्यावर पंख आपोआप मिटले आणि गाडी शहरात शिरली. इंजिन बीएमडब्ल्यूचं १.६ लिटरचं. जानेवारी २०२२ मध्ये उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्रही मिळालं. तरी तिला धावपट्टी लागतेच. बोगारवेशीतून उडता येणार नाही.

येळ्ळूरचा_पोरगा

सर, एक विचारू का? मग तळपद्यांनी १८९५ ला मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं होतं ते? आमच्या ग्रुपवर दर वर्षी येतं.

सांबरा_निवृत्त

बाळ, शिवकर बापूजी तळपदे ही खरी व्यक्ती, अभ्यासू होते, विमानविद्येची त्यांना ओढ होती. पण त्या उड्डाणाचा त्याच काळातला, तपासता येईल असा पुरावा अजून कुणी पुढे ठेवलेला नाही. ज्या वैमानिकशास्त्राचा दाखला देतात, त्याचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये नीट अभ्यास केला. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली यंत्रं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मराठी माणसानं बनवलेलं विमान पाहायचं असेल तर अमोल यादव यांचं पाहा. कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ ला मुंबईत प्रदर्शनात ठेवलं, २०१७ ला डीजीसीएकडं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) नोंदणी मिळवली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी उड्डाण केलं. मधली वर्षं परवानग्यांच्या मागं धावण्यात गेली. अभिमान वाटावा असं इथं भरपूर आहे, आणि ते कागदोपत्री सिद्ध आहे.

निपाणीकर

सर, '+१'. मीरेची आठवण झाली.

आकाशी (टिळकवाडी)

आता मोटार सोडून नुसतं उडण्याकडं येऊ या? मी कामशेतला पॅराग्लायडिंग शिकले आणि नंतर पॅरामोटरही, म्हणजे पाठीवर पंख्याचं इंजिन बांधून त्याच छत्रीखाली उडणं. त्यामुळं या भागावर मला मनापासून लिहायचंय.

एकट्या माणसाला उडवायचे अनेक मार्ग लोकांनी करून पाहिलेत. १९६१ मध्ये बेल कंपनीचा रॉकेट बेल्ट उडाला. पाठीवर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या टाक्या. ते चांदीच्या जाळीवरून गेलं की फुटून तप्त वाफ होते आणि तिच्या झोतावर माणूस उचलला जातो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात बिल सूटर असेच उडत मैदानात उतरले. पण इंधन पुरायचं वीस-एकवीस सेकंद. तेवढ्यात चढायचं, जायचं आणि उतरायचंही.

१९५५ ची हिलर कंपनीची उडती चौकी मला त्याहून जास्त आवडते. गोल नळकांड्यात दोन उलटसुलट फिरणारे पंखे, वर माणूस उभा. ज्या दिशेला झुकाल तिकडं ती जाणार. तोल सांभाळायची शरीराची उपजत सवय हेच स्टिअरिंग. पण वेग वाढला की नळकांडं वाऱ्याला अडून वर उचललं जायचं, त्यामुळं ती ताशी पंचवीसेक किलोमीटरच्या पुढं गेली नाही.

मग जेट आले. ईव्ह रोसी यांनी २६ सप्टेंबर २००८ ला पाठीवर पंख आणि चार छोटी जेट इंजिनं बांधून इंग्लिश खाडी ओलांडली, दहाएक मिनिटांत. फ्रँकी झपाटा ४ ऑगस्ट २०१९ ला उडत्या फळीवर उभे राहून तीच खाडी २२ मिनिटांत पार करून गेले, तेही मध्ये बोटीवर उतरून, इंधन भरून. दोघांत फरक एकच: रोसींना पंख होते. झपाटांना पूर्ण वजन सतत जेटच्या जोरावर तोलून धरावं लागत होतं.

पंखाचं महत्त्व आकड्यात सांगते. पॅरामोटरमध्ये मी, इंजिन, इंधन आणि छत्री धरून १३० किलो भरतात असं समजा. सरळ उडायला पाठीमागून जेमतेम वीसेक किलोचा रेटा पुरतो, बाकी सगळं छत्री तोलते. म्हणून १८५ सीसीचं, २५ अश्वशक्तीचं इंजिन मला मजेत चढवतं. आता इंटरनेटवर गाजणारी जेटसन वन घ्या. आठ मोटरी, यंत्राचं वजन ८६ किलो, उडते २० मिनिटं, आणि कमाल ताकद ८८ किलोवॅट. माझं इंजिन फार तर १८ किलोवॅट. इतका फरक, कारण तिला पंख नाहीत.

लेथमास्तर (मच्छे)

ताई, हे वीस किलोचं लई भारी सांगितलंत. खरं एक विचारतो. बॅटऱ्या सुधारतायत म्हणतात. मग हे वीस मिनिटाचं दोन तास होणार न्हाई काय?

चाकपंख (बेळगाव)

मास्तर, याचा हिशेब मांडतो. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली पाऊण भाग उष्णतेत घालवतं, शाफ्टवर ३ युनिट येतात. आजच्या लिथियम बॅटरीच्या पॅकमध्ये किलोमागं ०.२ युनिटच्या आसपास, मोटर त्यातलं ९० टक्के वापरते, म्हणजे ०.१८. फरक सोळा पटींच्या घरात. वर पेट्रोल जळेल तसं यंत्र हलकं होत जातं, बॅटरी शेवटपर्यंत तेवढीच जड. रस्त्यावर हे चालून जातं, कारण वजन चाकं पेलतात. एका जागी तरंगणाऱ्या यंत्राला ते प्रत्येक सेकंदाला विकत घ्यावं लागतं.

पंख्यांचा घेर वाढवणं हा एक उपाय. तेवढंच वजन तोलताना घेराचं क्षेत्रफळ चौपट केलं की ताकद निम्मी लागते. हेलिकॉप्टरचा पंखा एवढा मोठा असतो तो यासाठी. बंगळूरच्या सरला एव्हिएशननं जानेवारी २०२५ ला दिल्लीत जी हवाई टॅक्सी मांडली, तिला पंखे आहेतच, शिवाय स्थिर पंखही आहे. वर उचलायला पंखे, मग पुढं जाताना पंख. हाच रस्ता मला टिकाऊ वाटतो.

सांबरा_निवृत्त

गायरोकॉप्टरबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हा यांनी १९२३ मध्ये ऑटोगायरो उडवलं. डोक्यावरचं पातं हेलिकॉप्टरसारखं दिसतं, पण त्याला इंजिन फिरवत नाही. मागचा पंखा यंत्र पुढं ढकलतो, आणि खालून येणाऱ्या वाऱ्यावर पातं जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखं आपणहून फिरत राहतं. इंजिन बंद पडलं तरी पातं फिरतच असतं आणि यंत्र तिरकं खाली उतरतं. धोका वेगळाच: नाक एकदम खाली दाबलं आणि पात्यावरचा भार सुटला, तर त्याची गती पडते आणि ती परत मिळत नाही. शिक्षकाशिवाय हे यंत्र शिकू नये. हॉलंडची पाल-व्ही ही उडती मोटार याच तत्त्वावर आहे.

बेळगावच्या मंडळींसाठी आणखी एक. आपण समुद्रसपाटीपासून ७५० मीटरवर आहोत. इथली हवा मुळातच सात टक्के विरळ, आणि एप्रिल-मेच्या दुपारी ३८ अंशाला ती पंधरा टक्क्यांपर्यंत विरळ होते. पंख, पंखा आणि इंजिन तिघांनाही कमी हवा मिळते. गोव्याच्या किनाऱ्यावर जे यंत्र सहज चढतं ते इथं लांब धावपट्टी मागतं. जाहिरातीतले आकडे समुद्रकाठचे असतात, हे विसरू नका.

आकाशी (टिळकवाडी)

सर, अगदी बरोबर. मी म्हणून सकाळी लवकर उडते. हवा थंड, जड आणि शांत. आणखी एक इथली अडचण म्हणजे ऊस. इंजिन थांबलं तर उतरायला मोकळं शेत लागतं आणि उभ्या उसाच्या फडात उतरणं म्हणजे इजा ठरलेली. दसऱ्यानंतर, भात कापणी झाल्यावर, खानापूरच्या बाजूला शिवारं मोकळी होतात.

नियमांचंही सांगते, कारण विचारणा येते. अमेरिकेत रिकामं वजन सुमारे ११५ किलोच्या आत, इंधन १९ लिटरच्या आत आणि एकच आसन असेल तर परवाना लागत नाही. ते व्हिडिओ बघून इथं कुणी यंत्र मागवू नका. आपल्याकडं मायक्रोलाइटला, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानाला, डीजीसीएची नोंदणी आणि चालवणाऱ्याला परवाना लागतो, आणि सांबऱ्याच्या विमानतळाभोवतीची हवाई हद्द तर नियंत्रितच. हौस खरी असेल तर बंगळूरच्या राज हंस कंपनीचं एक्स-एअर माहीत करून घ्या. ॲल्युमिनियमच्या नळ्या, ताणलेलं कापड, रोटॅक्स इंजिन. आपल्याच राज्यात बनलेलं हे छोटं विमान परदेशात पुष्कळ विकलं गेलं.

शेवटचं_वर्ष (उद्यमबाग)

सगळे प्रतिसाद वाचले. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चौघी मिळून प्रोजेक्टला एक आसनी विजेवर चालणारी तीनचाकी करतोय. पुढं एक चाक ठेवावं की दोन यावर आमचं अडलंय. रिक्षा पुढं एक ठेवूनच चालतात ना? आणि पूर्ण झाल्यावर ती रस्त्यावर आणता येईल का?

चाकपंख (बेळगाव)

ताई, दोन चाकं पुढं ठेवा. कारण ब्रेक. वळताना ब्रेक दाबला की वजन पुढं आणि बाहेर, तिरकं जातं. पुढं एकच चाक असेल तर नेमक्या त्या तिरक्या दिशेला आधार नसतो आणि गाडी कलंडते. रिक्षा हळू चालते आणि तिला अगदी कमी जागेत वळावं लागतं, म्हणून तिथं ते सोसतं.

पण नुसती दोन चाकं पुढं ठेवून भागत नाही, वजनही पुढं हवं. उदाहरण घ्या. दोन चाकांमधलं अंतर १२०० मिलिमीटर, पुढच्या-मागच्या चाकांमधलं २०००. गुरुत्वमध्य मागच्या चाकापासून १४०० वर असेल, तर त्या जागी बाजूचा आधार ६०० चा ०.७ पट, म्हणजे ४२०. गुरुत्वमध्याची उंची ४५० धरली तर ४२० भागिले ४५० म्हणजे ०.९३. टायरची पकड असते साधारण ०.८. म्हणजे गाडी आधी घसरेल, कलंडणार नाही. तोच गुरुत्वमध्य बरोबर मध्ये, १००० वर आला तर आधार उरतो ३०० आणि आकडा ०.६७. आता घसरायच्या आधी उलटेल. म्हणून बॅटरीची पेटी पुढच्या चाकांच्या जवळ आणि शक्य तितकी खाली. चालवणारीला बसवूनच मोजमाप करा, तिचं वजन यात मोठा भाग आहे.

रस्त्याचं उत्तर: नाही. नव्या वाहनाचा नमुना एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, त्याशिवाय नोंदणी होत नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं आणि २०२२ च्या जानेवारीत त्यांना बोलेरो देऊन ती जीप स्वतःकडं घेतली. तिलाही रस्त्यावरच्या नियमांची अडचण होतीच. तुम्ही कॉलेजच्या आवारात चालवा.

लेथमास्तर (मच्छे)

पोरींनो, गुरुत्वमध्य कसा काढायचा ते मी सांगतो, कारण पुस्तकात समीकरण असतं, काटा नसतो.

आडत्याकडचे तीन वजनकाटे मागून आणा. प्रत्येक चाकाखाली एक, गाडी सपाट, एकीला आत बसवा. पुढच्या दोन काट्यांची बेरीज भागिले एकूण वजन, गुणिले २०००. मागच्या चाकापासूनचं अंतर आलं. दादांचे १४०० हवे असतील तर शंभरातले सत्तर किलो पुढं पडले पाहिजेत. उंचीसाठी मागचं चाक काट्यासकट फूटभर उचला आणि पुढच्या काट्यांवर किती वाढलं ते लिहा. त्या फरकावरून उंची निघते, सूत्र तुमच्या सरांकडं आहे. शॉक ॲब्सॉर्बर तेवढे लाकडी ठोकळे घालून घट्ट करा, न्हाईतर आकडा फसवील.

आणि सांगाडा सुरुवातीला नुसता टॅक करून, म्हणजे वेल्डचे ठिपके मारून ठेवा, पूर्ण वेल्ड मारू नका. काट्यावर आकडा चुकला तर बॅटरीची पेटी सरकवायला लागणार. तीन-चार जागा आधीच धरून ठेवा. मच्छेला आलात तर नळ्या वाकवायचं यंत्र माझ्याकडं आहे, रविवारी रिकामंच असतंय.